उतरणीची नोंद : दुर्मीळ मेंदूविकार झालेल्या मुलांचं मोजमाप



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांवर उपचार केले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्यांना एक शिस्त लागली. केसपेपरवर तारीख, वजन आणि मूल आज काय काय करतं याची एक ओळ, एवढं लिहिल्याशिवाय पुढचा पेशंट आत घ्यायचा नाही. औषधं त्यानंतर. आज मी जे बोलणार आहे ते त्या एका ओळीबद्दल आहे.

लहान मुलांच्या काही आजारांत मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात. धावणारं मूल अडखळू लागतं, गाणी म्हणणाऱ्या मुलाचे शब्द एकेक करून जातात. अशा मुलाचे आईवडील आमच्याकडे दोन प्रश्न घेऊन येतात. पहिला, "डॉक्टर, याला झालंय काय?" आणि निदान झाल्यावर दर भेटीला दुसरा, "आता कितपत आहे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता पुष्कळदा रक्ताच्या तपासणीतून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर कुठलंही एक यंत्र देत नाही. त्यासाठी मुलाकडे बघावं लागतं, आणि जे दिसलं ते दुसऱ्या डॉक्टरला, दुसऱ्या गावात, दहा वर्षांनंतरही तसंच कळेल अशा रीतीनं लिहावं लागतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ज्या आजारावर आज औषध नाही, त्याची काटेकोर नोंद ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. उद्या औषध आलं, तर ते खरंच लागू पडतं की नाही, याचा निवाडा त्याच नोंदींवरून व्हायचा असतो. हे मी एका आजाराच्या आधारानं मांडणार आहे, कारण त्या आजाराच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं आहे.

त्या आजाराचं नाव बॅटन. खरं म्हणजे हा एक आजार नाही, हे आजारांचं कुटुंब आहे. आपल्या प्रत्येक पेशीत टाकाऊ पदार्थांचे तुकडे करून त्यांची विल्हेवाट लावणाऱ्या बारीक पिशव्या असतात. त्यांना लायसोसोम म्हणतात. या पिशव्यांच्या कामाला लागणारं एखादं प्रथिन जन्मतःच सदोष असेल, तर कचरा साठत जातो. हातापायाच्या पेशी तो बराच काळ सोसतात. मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशी सोसू शकत नाहीत. अशा दोषाची डझनाहून अधिक जनुकं आता सापडली आहेत आणि त्यांना सीएलएन १, सीएलएन २ असे क्रमांक दिले आहेत. अमेरिकेतला अंदाज असा, की लाख जन्मांमागे दोन ते चार मुलांना यांपैकी कुठला तरी प्रकार होतो. बहुतेक प्रकारांत आईवडील दोघंही धडधाकट असतात. दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते, आणि दर गरोदरपणात मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे आते-मामे भावंडांत किंवा मामा-भाचीत लग्न झालेल्या घरांत अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. यात कुणाचा दोष नाही, पण हे माहीत असायला हवं.

यांतले दोन प्रकार आज आपल्या कामाचे आहेत. सीएलएन २ मध्ये मूल दोन वर्षांचं होईतो सगळं सुरळीत दिसतं. कधी बोलणं थोडं मागे असतं, पण "मुलगा आहे, उशिरा बोलेल" म्हणून घरचे थांबतात. तीन वर्षांच्या आसपास पहिली आकडी येते. आकडीवरची औषधं सुरू होतात. काही महिन्यांत मूल चालताना पडू लागतं, आणि ते औषधाच्या गुंगीमुळे असावं असं वाटतं. सहाव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांचं चालणं आणि बोलणं गेलेलं असतं. मग नजर जाते. उपचाराविना यांतली बहुतेक मुलं दहा वर्षांच्या आगेमागे जातात. सीएलएन ३ ची चाल वेगळी आहे. तिथे चार ते सात वर्षांच्या वयात आधी नजर कमी होते. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चष्मा लागतो, चष्म्यानंही भागत नाही. आकड्या पुढे येतात, मग स्मरण, मग बोलण्यातली अडखळ, अंगातला ताठरपणा. विशीच्या आसपास किंवा त्यानंतर काही वर्षांत आयुष्य संपतं.

या आजाराचं पहिलं लिखित वर्णन १८२६ सालचं आहे. नॉर्वेमध्ये र्‍योरुस नावाचं तांब्याच्या खाणीचं गाव आहे. तिथल्या स्टेंगल नावाच्या डॉक्टरांनी एकाच घरातल्या चार भावंडांची हकीकत लिहिली. आधी दृष्टी गेली, मग आकड्या, मग बुद्धी आणि वाचा. १९०३ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक बॅटन यांनी एका कुटुंबातल्या दोन मुलांचं वर्णन केलं आणि आजाराला त्यांचं नाव पडलं. सीएलएन २ चं श्रेय यान्स्की आणि बिलशोव्स्की या दोघांकडे जातं, अनुक्रमे १९०८ आणि १९१३. या सगळ्यांनी जे लिहिलं ते शब्दांत लिहिलं. आजार ओळखायला ते पुरेसं होतं. पण शब्दांची तुलना करता येत नाही. एका डॉक्टरनं लिहिलेलं "बरंच बिघडलं" आणि दुसऱ्यानं लिहिलेलं "खूप बिघडलं" यांत कुठलं मूल पुढे गेलेलं आहे, हे कोण सांगणार?

शब्दांना आकड्यांची जोड देण्याची एक मोठी यशस्वी गोष्ट बालवैद्यकात आधी घडलेली होती. बाळ जन्मल्याबरोबर डॉक्टर जो ॲपगार स्कोअर लिहितात, तो न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. हृदयाचे ठोके, श्वास, अंगाचा रंग, स्नायूंचा ताण आणि डिवचल्यावरची प्रतिक्रिया, अशा पाच गोष्टींना शून्य, एक किंवा दोन गुण. एका मिनिटाचं काम. त्याला यंत्र लागत नाही. तोवर निपचित जन्मलेल्या बाळाकडे बघण्याची प्रत्येकाची रीत वेगळी होती. हा स्कोअर आला आणि खोलीतला प्रत्येक जण त्याच पाच गोष्टी बघू लागला. चांगल्या मोजपट्टीचा पहिला उपयोग हाच असतो. काय बघायचं हे ती सगळ्यांना एकसारखं शिकवते.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात आल्फ्रीड कोलश्युटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सीएलएन ३ च्या मुलांसाठी अशी गुणपद्धत मांडली. २००२ मध्ये त्याच घराण्यातली सीएलएन २ ची मोजपट्टी आली. तिच्यात चार कप्पे आहेत: चालणं, बोलणं, बघणं आणि आकड्या. प्रत्येकाला तीन ते शून्य गुण. नीट चालतं, तीन. चालतं पण अडखळतं, वारंवार पडतं, दोन. आधाराशिवाय चालता येत नाही किंवा फक्त रांगतं, एक. अंथरुणाला खिळलं, शून्य. बोलण्यात तीन म्हणजे त्या मुलाला स्वतःला जास्तीत जास्त जितकं येत होतं तितकं. दोन म्हणजे बोलणं त्याहून खालावलेलं स्पष्ट जाणवतं. एक म्हणजे जेमतेम समजतं. शून्य म्हणजे काही कळण्यासारखं उरलेलं नाही.

इथे थोडं थांबून "त्या मुलाला स्वतःला जितकं येत होतं" या अटीकडे बघा. दोन-अडीच वर्षांचं मूल अजून शिकत असतं. एकीकडे वाढ त्याला वर नेत असते, दुसरीकडे आजार खाली ओढत असतो. शेजारच्या मुलाशी तुलना केली तर उशिरा बोलणारं मूल आधीपासूनच आजारी ठरेल. म्हणून त्या डॉक्टरांनी मुलाची तुलना त्याच्याच सर्वोत्तम दिवसांशी केली. ही साधी दिसणारी अट लिहायला कितीतरी मुलं बघावी लागली असतील.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे काम झालं तेव्हा या आजारावर कुठलंही औषध नव्हतं. सीएलएन २ चं जनुकसुद्धा १९९७ मध्येच सापडलं. डॉक्टर मुलांना तपासत होते, गुण लिहीत होते, आणि त्या मुलांसाठी त्या गुणांचा काही उपयोग होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. आईवडिलांनाही ठाऊक होतं. तरी ते मुलांना घेऊन येत राहिले. बाहेरून बघणाऱ्याला याची कीव येईल, कदाचित रागही येईल. मरणाऱ्या मुलाचे गुण कसले मांडता, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर पुढच्या पंधरा वर्षांनी दिलं.

सीएलएन २ च्या मुलांत टीपीपी १ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होत नाही. ते कारखान्यात तयार करून बाहेरून देण्याचा उपाय निघाला. त्याचं नाव सर्लिपोनेज अल्फा. पण शिरेतून दिलेलं विकर मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणून डोक्याच्या त्वचेखाली एक बारीक कुपी बसवायची आणि तिच्यातून दर पंधरा दिवसांनी ३०० मिलिग्रॅम औषध मेंदूतल्या पोकळीत सोडायचं, असं ठरलं. दर वेळी चार-साडेचार तास. आता औषधाची परीक्षा घ्यायची तर नेहमीची रीत अशी, की निम्म्या मुलांना औषध द्यायचं आणि निम्म्यांना नुसतं पाणी. पण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात कुपी बसवून त्यातून पाणी सोडायचं, आणि ते मूल आपल्या डोळ्यांदेखत खाली जाताना बघत राहायचं, हे कुणाला करवेल? सगळ्या मुलांना औषध द्यायचं ठरलं. मग तुलना कुणाशी करायची?

ज्यांच्यासाठी औषध नव्हतं त्या मुलांशी. हॅम्बुर्गच्या पुढाकारानं जमलेल्या नोंदींतली ४२ मुलं तुलनेसाठी घेतली गेली. अँगेला शुल्त्स आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ मुलांची नोंदणी झाली होती, त्यांतल्या २३ मुलांचे निष्कर्ष तपासले गेले. मोजपट्टीतले चालणं आणि बोलणं हे दोनच कप्पे घेतले होते, म्हणजे एकूण सहा गुण. औषध न मिळालेल्या जुन्या मुलांचे गुण ४८ आठवड्यांत सरासरी २.१२ नं घसरले होते. म्हणजे दर पाच-सहा महिन्यांनी एक गुण, आणि अडीच-तीन वर्षांत सगळं संपलं. औषध मिळालेल्या मुलांची घसरण तेवढ्याच काळात सरासरी ०.२७ होती. जुन्या मुलांपैकी निम्म्यांचे दोन गुण ३४५ दिवसांत गेले होते. औषध घेणाऱ्या मुलांत निम्म्यांपर्यंत ती वेळ दोन वर्षांच्या अभ्यासात आलीच नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २७ एप्रिल २०१७ रोजी या औषधाला मान्यता दिली. दोन डझन मुलांवरच्या प्रयोगावर मान्यता मिळाली, कारण त्या प्रयोगाच्या मागे ४२ मुलांच्या नोंदी उभ्या होत्या. ती मुलं औषधापर्यंत पोचू शकली नाहीत. औषध मात्र त्यांच्यामुळे पोचलं.

पण त्या मान्यतेत एक अट होती आणि ती माझ्या विषयाच्या गाभ्याशी आहे. प्रशासनानं औषधाचा उपयोग चालण्यापुरता मान्य केला, बोलण्यापुरता केला नाही. कारण असं दिलं, की बोलण्याचे गुण जुन्या नोंदींत आणि नव्या प्रयोगात एकाच रीतीनं दिले गेले होते असं दाखवता येत नाही. चालण्याची व्याख्या प्रयोगासाठी घट्ट केलेली होती. दोन गुण कुणाला? जे मूल आधाराशिवाय दहा पावलं चालतं त्याला, मग भले ते डुलत चालो, मधूनच पडो. आठ पावलं टाकून त्यानं भिंत धरली तर एक गुण. दहा पावलं हॅम्बुर्गमध्ये दहा असतात, रोममध्येही दहाच. "बोलणं खालावलंय" हे मात्र ऐकणाऱ्याच्या कानावर, त्याच्या ओळखीवर, त्या दिवशीच्या मुलाच्या मूडवर अवलंबून राहतं.

आपल्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पिकाची पैसेवारी पन्नासच्या वर लागली की खाली, यावर गावाला मदत मिळायची की नाही हे ठरत आलं आहे. शेत तेच, पीक तेच. पण पाहणी कुठल्या शेतात झाली, कुणी केली, कुठल्या महिन्यात केली, यावरून आकडा हलतो आणि आकड्यावरून माणसांचं वर्ष हलतं. म्हणून मोजण्याचा नियम आधी ठरलेला, लिहिलेला आणि सगळ्यांना माहीत असलेला हवा. आजारी मुलाच्या बाबतीतही हेच आहे. नियम सैल राहिला तर चांगलं औषध नापास होऊ शकतं आणि निरुपयोगी औषध पास होऊ शकतं. दोन्हीची किंमत मुलंच मोजतात.

आता प्रयोगात चारांपैकी दोनच कप्पे का घेतले, ते बघू. आकड्यांवर वेगळी औषधं आहेत. ती बदलली की आकड्या कमी होतात, पण मेंदूची झीज थांबलेली नसते. म्हणजे आकड्यांचे गुण सुधारलेले दिसतील आणि आजार आत चालूच राहील. नजरेची गोष्ट आणखी वेगळी. मेंदूच्या पोकळीत सोडलेलं औषध डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचत नाही. उपचार मिळालेल्या मुलांचीही नजर पुढे जात राहिली. समजा चारही कप्प्यांची एकच बेरीज केली असती, तर चालण्यातला फायदा नजरेच्या तोट्यात बुडाला असता आणि डोळ्यांसाठी वेगळं काही करायला हवं हेही कळलं नसतं. कप्पे वेगळे ठेवले म्हणून दोन्ही कळलं. बेरीज करणं सोपं असतं, पण कशाची बेरीज करू नये हे ओळखायला आजार आतून माहीत असावा लागतो.

दुसरं, हे गुण म्हणजे सेंटिमीटर नव्हेत. तीनावरून दोनावर येणं आणि एकावरून शून्यावर येणं, कागदावर दोन्ही "एक गुण कमी". घरात मात्र पहिल्याचा अर्थ मूल अंगणात एकटं सोडता येत नाही, आणि दुसऱ्याचा अर्थ त्याला कुशीवर वळवायलाही कुणीतरी लागतं. सरासरी काढताना हे अंतर सपाट होतं. म्हणून नुसती सरासरी वाचून समाधान मानू नये. किती मुलं कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर आली, हे वेगळं विचारावं.

तिसरं, शून्याच्या खाली मोजपट्टीला दिसत नाही. शून्यावर पोचलेलं मूल आईचा आवाज ओळखतं, आंघोळीच्या कोमट पाण्यात त्याचं अंग सैल पडतं, गिळायला त्रास होतोय की नाही यावर घरातली सगळी रात्र ठरते. आमच्या ओपीडीत एका आईनं मला विचारलं होतं, "तुमच्या कागदावर शून्य आहे, पण काल त्यानं बाबांच्या आवाजाला मान वळवली, ते कुठे लिहिणार?" तिचा प्रश्न रास्त होता. मोजपट्टी करताना आईवडिलांना विचारलं पाहिजे, की तुमच्या लेखी कशाला किंमत आहे. आता नव्या मोजपट्ट्या करताना ते होऊ लागलं आहे. गिळणं, झोप, वेदना, ओळख या गोष्टी त्यांत येऊ लागल्या आहेत. ज्या गोष्टी मोजल्या जात नाहीत, त्यांच्यावर औषधही शोधलं जात नाही.

सीएलएन ३ च्या मुलांसाठी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक मार्शल, जोनाथन मिंक आणि सहकाऱ्यांनी जे काम केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी बॅटन आजारासाठी एकत्रित मोजपट्टी तयार केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शारीरिक तपासणी, आकड्या, वागणूक आणि रोजच्या कामांची क्षमता असे वेगवेगळे भाग आहेत. हा आजार झालेली मुलं देशभर विखुरलेली होती, एका रुग्णालयात जमणं शक्य नव्हतं. तेव्हा या कुटुंबांच्या संघटनेचं दर वर्षी जे संमेलन भरतं, तिथे हे डॉक्टर जाऊ लागले आणि तीच मुलं वर्षानुवर्षं तपासू लागले.

या मोजपट्टीतली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. सीएलएन ३ मध्ये नजर आधी जाते. बारा वर्षांच्या अशा मुलाला स्वतः शर्ट घालता येत नाही. का? दिसत नाही म्हणून, की हात ऐकत नाहीत म्हणून, की शर्ट कसा घालायचा हेच आठवत नाही म्हणून? तिन्हींचा अर्थ वेगळा. म्हणून रोजच्या कामांची क्षमता इथे दोनदा लिहितात. एकदा आज आहे तेवढ्या नजरेनिशी, आणि एकदा या मुलाची नजर शाबूत असती तर ते काय करू शकलं असतं, असा अंदाज घेऊन. दुसरा आकडा हा अंदाजच आहे, आणि तो सगळ्यांनी सारखा बांधावा म्हणून तपासणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं लागतं. पण त्यामुळे आंधळेपण आणि मेंदूची झीज एकमेकांत मिसळत नाहीत.

या मोजपट्टीच्या शारीरिक भागात गुण वाढणं म्हणजे आजार वाढणं. वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून २०११ मध्ये असं दिसलं, की हे गुण वर्षाला सरासरी २.८६ नं वाढतात. हा आकडा कोरडा वाटेल. पण ज्याला या आजारावर औषध तपासायचं आहे त्याला यावरून सांगता येतं, की किती मुलं घ्यावी लागतील, किती काळ बघावं लागेल आणि केवढा फरक पडला तर तो योगायोग नाही असं म्हणता येईल. हा आकडा नसेल तर मुलांना प्रयोगात घेणं म्हणजे त्यांचा उरलेला वेळ अंदाजानं खर्च करणं आहे.

आणि जिथे तुलनेला दुसरं मूलच नसतं तिथे? अमेरिकेत एका मुलीला सीएलएन ७ प्रकार होता, आणि तिच्या जनुकातला दोष तिच्यापुरताच होता. बॉस्टनमध्ये टिमथी यू आणि सहकाऱ्यांनी फक्त तिच्यासाठी औषध तयार केलं. तिच्याच नावावरून त्याला मिलासेन म्हणतात. २०१८ च्या सुरुवातीला ते देणं सुरू झालं. तिची तुलना तिच्याशीच करायची होती. दिवसाला किती आकड्या, प्रत्येक किती वेळ टिकली, याची कुटुंबानं ठेवलेली नोंद आणि मेंदूच्या विद्युत आलेखाची नोंद, दोन्ही कामी आल्या. आकड्या कमी झाल्या आणि लहान झाल्या, हे दाखवता आलं. पुढे २०२१ मध्ये ती मुलगी गेली. तिच्यापासून शिकलेली रीत आता इतर एकेकट्या मुलांसाठी वापरली जाते, आणि तिच्या बाबतीत विद्युत आलेखाबरोबर घरची वहीही कामी आली, हे विसरू नये.

कुणी विचारेल, एवढी प्रगती झाली, आता एमआरआय करून मेंदूचं आकारमान मोजता येतं, झिजणाऱ्या मज्जातंतूंतून रक्तात उतरणारं प्रथिन मोजता येतं, मग दहा पावलं कशाला मोजायची? त्या तपासण्या मोलाच्या आहेत. लक्षणं दिसण्याआधी आजार कुठवर आला हे त्यांतून कळू शकतं. २०२४ मध्ये सर्लिपोनेज अल्फा लक्षणं न दिसलेल्या मुलांनाही द्यायला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा अशा खुणांचं महत्त्व वाढणारच. पण रक्तातला आकडा खाली आला आणि मूल तरीही चालेनासं झालं, तर त्या आकड्याचं घरच्यांनी काय करायचं? शेवटचा निवाडा मूल काय करू शकतं यावरच व्हायला हवा.

आता आपल्याकडे वळतो. भारत सरकारचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. त्याअंतर्गत ठरलेल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. आयसीएमआरनं दुर्मीळ आजारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली आहे. ही सगळी योग्य पावलं आहेत. पण सर्लिपोनेज अल्फा बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत त्याची जाहीर किंमत वर्षाला सुमारे सात लाख डॉलर होती. आपल्या बहुतेक घरांना ती किंमत ऐकूनच थांबावं लागतं. अशा वेळी डॉक्टरही नकळत म्हणून जातात, "आता येत जाऊ नका, उगाच खर्च." ती दया खरी असते, पण तिनं नुकसान होतं. ते मूल तपासणीतून निसटतं आणि आपल्या मुलांत हा आजार कसा चालतो याची माहितीही त्याच्याबरोबर निसटते. निदान झालेली मुलं किती हे नोंदवही सांगेल. प्रत्येक मूल दर सहा महिन्यांनी कुठल्या पायरीवर होतं, हे सांगायला पुन्हा पुन्हा केलेली तपासणी लागते.

इथे आपल्या काही खास अडचणी आहेत, आणि त्या आपणच सोडवायच्या आहेत. बोलण्याचे गुण घ्या. घरात अहिराणी बोलणारं मूल, गोंडी बोलणारं मूल, कोकणी बोलणारं मूल मोठ्या शहरातल्या रुग्णालयात येतं आणि नव्या माणसापुढे गप्प बसतं. तपासणाऱ्याला त्याची घरची बोली येत नसेल तर चांगलं बोलणाऱ्या मुलालाही एक गुण मिळेल. म्हणून बोलण्याचा निवाडा घरच्या बोलीतच व्हायला हवा, आणि ती समजणारा माणूस तपासणीच्या वेळी शेजारी हवा. चालणं पाहायचं तर गुळगुळीत फरशीच्या अरुंद खोलीत नको. व्हरांड्यात पाहावं, अनवाणी, आणि दर वेळी त्याच जागी.

आईवडिलांना माझं सांगणं साधं आहे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. मूल चालत येतंय, नेहमीच्या माणसाशी बोलतंय, हातानं काही खातंय, एवढं पुरे. ताप असेल किंवा आदल्या दिवशी आकडी आली असेल तर ते वहीत लिहा, कारण तो दिवस त्याचा खरा दिवस नसतो. निदानाला उशीर झालेल्या कितीतरी घरांत लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या व्हिडिओतून आम्हाला कळलं आहे, की मूल अमुक महिन्यात नीट धावत होतं आणि त्यानंतरच्या दिवाळीत भिंत धरून चालत होतं. डॉक्टरांना सांगणं असं, की मोजपट्टी वापरा आणि गुणांशेजारी तारीख लिहा. मूल गेल्यावर त्याचा केसपेपर रद्दीत जाऊ देऊ नका. आईवडिलांची परवानगी घेऊन, नाव झाकून, तो जपा. पुष्कळ आईवडील ही परवानगी आनंदानं देतात. आपल्या मुलाचं आयुष्य पुढच्या एखाद्या मुलाच्या कामी आलं, यात त्यांना आधार वाटतो.

शेवटची मागणी मात्र अंगणवाडी, बालवाडी, शाळा, लसीकरणाचं सत्र, जिथे जिथे मुलं नियमित येतात त्या प्रत्येक ठिकाणासाठी आहे. आपल्या अंगणवाडी सेविका दर महिन्याला मुलांचं वजन घेतात आणि रजिस्टरमध्ये लिहितात. त्या रजिस्टरात एक प्रश्न वाढवता येईल: "या मुलाला आधी येत होतं आणि आता येईनासं झालं, असं काही आहे का?" उत्तर "हो" असेल तर त्या मुलाला मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवायचं. उशिरा शिकणारी मुलं पुष्कळ असतात. शिकलेलं हरवणारं मूल विरळा असतं, आणि त्याच्या बाबतीत प्रत्येक महिना मोलाचा असतो, कारण औषध जे गेलं ते परत आणत नाही, उरलेलं राखतं. म्हणून दर पाच-सहा महिन्यांनी एक गुण, हा हॅम्बुर्गच्या मुलांनी दिलेला हिशेब आपण विसरता कामा नये. तो प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, कुठलं यंत्र लागत नाही. या सभागृहात शिक्षक आहेत, सेविका आहेत, डॉक्टर आहेत, आजी-आजोबा आहेत. उद्यापासून तो आपण विचारू लागू, आणि जे उत्तर मिळेल ते तारखेसह लिहून ठेवू.